दुसऱ्या सिमची जागा

१

वाइस्वाचं प्रेत सोमवारी सकाळी बुलुंगेच्या धक्क्यापासून बरंच लांब, जलपर्णीच्या गचपणात सापडलं. कोळ्यांनी ते ओढत काठावर आणलं, तेव्हा कोंबड्यांच्या लशी ज्यात गार ठेवतात त्या डब्याचा पट्टा त्याच्या मनगटाला घट्ट गुंडाळलेला होता. डब्याचं झाकण निघून गेलेलं. आत नुसतं सरोवराचं पाणी.

धक्क्यावरच्या चौकीतल्या फौजदाराला निकाल लावायला फारसा वेळ लागला नाही. पोरगा पशुऔषधांच्या कंपनीत फिरता विक्रेता. रविवारी सुट्टी. कंपनीची छोटी होडी न विचारता काढली, लशींच्या डब्यात बिअर गार करायला घेतली, पिऊन तोल गेला. रविवारी दुपारपर्यंत तो धडधाकट होता याबद्दल कुणाला शंकाच नव्हती, कारण त्या दुपारी त्याच्या घरच्या नंबरवरून जिंजाला आईकडे संदेश गेला होता: ‘आई, आज सुट्टी. मित्रांबरोबर पाण्यावर चाललोय. काळजी करू नको.’

तो संदेश आईला वाचून दाखवला होता मिरियम कागोयानं. सारी हयात पोलिसांत काढून कागोया निवृत्त झाली होती. नवरा वारलेला, मुलगी आखातात नोकरीला. जिंजातल्या वालुकुबाच्या वस्तीत तिची आणि वाइस्वाच्या आईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. वाइस्वाच्या आईला सगळे नालोंगो म्हणत. जुळ्यांच्या आईला तो मान मिळतोच. जुळ्यांतला धाकटा तेन्यवा पाळण्यातच गेला होता. आता थोरलाही गेला, आणि मान तेवढा राहिला.

चौकीत दोघी बाकावर बसल्या होत्या. फौजदारानं एका पाकिटातून वाइस्वाचा फोन काढला, कडेचा छोटा ट्रे टाचणीनं बाहेर ओढून पाहिला आणि शिपायाला सांगितलं, "एक सिम, एक मेमरी कार्ड. लिही. कुलूप आहे, उघडत नाही. आईच्या ताब्यात दिला."

"माझा मुलगा पीत नव्हता," नालोंगो म्हणाली.

"कुठल्याच आईचा पीत नाही," फौजदार म्हणाला. मग कागोयाकडे पाहून जरा नरमला. "बाई, तुम्ही तर आमच्यातल्याच. त्यांना समजवा."

कागोयानं काहीच समजावलं नाही. परतीच्या टॅक्सीत नालोंगो खिडकीला टेकून बसली होती. उसाची शेतं मागे पडत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "कागोया, त्यानं लिहिलं का?"

"म्हणजे?"

"मला वाचता येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दर रविवारी तो बोलायचा. काय जेवलीस विचारायचा, खोकला गेला का विचारायचा. आजवर एक अक्षर त्यानं मला लिहिलं नाही. मग मरायच्या दिवशीच का लिहिलं?"

२

गावी दफन झालं. प्रवचन करणाऱ्यानं जाता जाता रविवार आणि दारू यांवर दोन शब्द बोलून घेतले. नालोंगोनं मान वर केली नाही. माणसं आली तशी लवकर पांगली.

त्यानंतरच्या दिवशी वाइस्वाचं सामान आणायच्या निमित्तानं कागोया पुन्हा बुलुंगेला गेली. त्याच्या शेजारच्या खोलीत बालिकोवा राहायचा. मासळीच्या बर्फखान्यावर रात्रपाळीचा रखवालदार. दिवसा झोपणारा, लाल डोळ्यांचा. दार उघडून तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मावशी, तुम्ही निवृत्त झालात म्हणे."

"झाले की."

"दार ठोठावणं मात्र निवृत्त झालेलं नाही. आतलं माणूस आपोआप उभं राहतं."

"मग बस आता. मला सांग, रविवारी तो कुठल्या मित्रांबरोबर गेला?"

बालिकोवाच्या तोंडावरचं हसू ओसरलं. "कुठले मित्र? त्याचा मित्र म्हणजे मी. कामावरून येतो, मला उठवतो, मक्याच्या पिठाचा पोशो करतो, दोघं जेवतो, मी कामाला जातो. अशी आमची मैत्री. रविवारी मी झोपलो होतो."

"शनिवारी भेटला होता?"

"नाही. मी उठलो तेव्हा त्याचं दार बंद होतं. वारा सुटला होता म्हणून मला वाटलं, कुठे अडकला असेल. मोठ्या होड्यासुद्धा बंद होत्या, धक्का ओस पडला होता. रविवारी मात्र पाणी असं निवांत, की तोंड बघून घ्यावं."

"होडी कुणाला सापडली?"

"कोळ्यांना, रविवारी दुपारीच. काठोकाठ पाण्यानं भरलेली. कंपनीची खूण पाहून ते थेट किरुंडा साहेबांकडे गेले. साहेब मला उठवायला आले. घरमालकाकडून किल्ली घेतली, आम्ही आत शिरलो. साहेब पुढे, मी खिडकी उघडायला गेलो. तेवढ्यात साहेबांना उशीखाली फोन सापडला."

"साहेबांनाच सापडला?"

"मी खिडकीशी होतो ना."

कागोयानं त्याचा फोन बघायला मागितला. बटणांचा, रबर लावून जखडलेला जुना फोन. झाकणामागे एका सिमचीच जागा, बाकी नुसता खरवडलेला पत्रा. त्यानं तो अभिमानानं परत खिशात टाकला. "वाइस्वा मला चिडवायचा. म्हणायचा, तुझा फोन ट्रकखाली सापडला तर ट्रक पंक्चर होईल."

हे सांगून तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. भांडी, दोन सदरे, छत्री असं सामान त्यानं गोणीत भरून दिलं. दारापर्यंत येऊन म्हणाला, "आता मला उठवायला कुणी नाही, मावशी. काल कामाला उशिरा पोचलो."

कागोया गोणी घेऊन वळली. होडी काठोकाठ भरलेली आणि रविवारी पाणी निवांत, हे दोन्ही एकदम खरं कसं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

३

कंपनीचं कार्यालय धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला, स्वतःच्या छोट्या फळ्यांच्या धक्क्यासकट होतं. दारावर पाटी: एझ्रा किरुंडा, विभागप्रमुख. आत औषधांचा उग्र वास, गुणगुणणारं शीतकपाट, टेबलावर चौकटीत एका गोल चेहऱ्याच्या बाईचा फोटो आणि त्याला टेकवलेलं प्लास्टिकचं फूल.

किरुंडा उठून उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, खांदे पडलेले. त्यानं स्वतःच चहा केला.

"माझी बायको, एडिसा," तिची नजर पाहून तो म्हणाला. "तिला जाऊन आता बरेच दिवस झाले. चहा तिच्यासारखा नाही जमत. गोड घ्या मानून."

"वाइस्वा कसा होता कामाला?"

"त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. गिऱ्हाइकं दिवसभर फोन करायची, कुणाची कोंबडी शिंकली तरी वाइस्वा. कधी चिडला नाही." तो कपाकडे बघत राहिला. "शनिवारी वारा होता म्हणून दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. रविवारी माणूस काय करतो, त्यावर माझा ताबा कुठे?"

"तो प्यायचा?"

"एकटा माणूस, बाई. एकट्या माणसाचं कुणाला काय माहीत असतं?"

टेबलावर त्याचा फोन होता. काचेला तडा गेलेला, पण वाइस्वाच्या फोनचाच भाऊ. किरुंडा म्हणाला, "मीच सगळ्यांना हा घ्यायला सांगितला. स्वस्तात दोन नंबर. कामाचं काम होतं, घरचं घर."

मग तो विषयावर आला. वाइस्वाचा फोन त्याला हवा होता. दफनाच्या दिवशी त्यानं नालोंगोकडेही मागितला होता. गिऱ्हाइकांची माहिती कंपनीची असते. पुसून, साफ करून तो स्वतः जिंजाला आणून देणार होता.

"तिला तो सध्या उशाशी हवाय," कागोया म्हणाली.

"मग फोन राहू दे तिच्याकडे. आतलं कार्ड तेवढं द्या. फोटोबिटो सगळं त्यातच असणार."

"विचारते तिला."

तो तिला दारापर्यंत पोचवायला आला. समोर सरोवर भर उन्हात चकाकत होतं. त्या पाण्याकडे त्यानं पाठ करून निरोप घेतला.

४

कागोयाला स्वतःलाही फोन घ्यायचाच होता. जिंजातल्या एका वकिलानं तिला चौकशीची बारीकसारीक कामं देऊ केली होती, आणि त्यासाठी वेगळा नंबर ठेवा असं बजावलं होतं. मुख्य रस्त्यावर नांगोबीचं दुकान होतं. नांगोबी केसांत मणी गुंफून बसलेली, तोंडाची मोठी चुरचुरीत. वयानं मोठ्या बाईला ती ‘न्याबो’, म्हणजे बाईसाहेब, म्हणे.

"दोन नंबर हवेत न्याबोला? या वयात दुसरा नंबर म्हणजे लपवायला काहीतरी आहे."

"एक कामाचा, एक घरचा."

"घरी कोण कोण?"

कागोयानं काचेखालच्या फोनांवरून नजर फिरवली. "अक्षरं मोठी दिसली पाहिजेत. आवाज मोठा पाहिजे. आणि सारखा चार्जिंगला लावावा लागता कामा नये, आमच्याकडे वीज जाते."

नांगोबीनं दोन फोन पुढ्यात ठेवले. पहिला कागोयानं लगेच ओळखला. अगदी वाइस्वाचाच.

"हा सगळ्यांत जास्त खपतो," नांगोबी म्हणाली. "स्वस्त आहे, दोन दिवस चालतो. पण आधीच सांगते, मागाहून भांडायला येऊ नका. याच्या ट्रेमध्ये दोनच खाचा आहेत. पहिलीत सिम. दुसरीत एकतर दुसरं सिम घाला, नाहीतर मेमरी कार्ड."

"दोन्ही नाही बसत?"

"एका खुर्चीत दोन बायका बसतात का? दोन नंबर पाहिजेत तर कार्ड नाही. कार्ड पाहिजे तर दुसरा नंबर नाही. हा दुसरा बघा, थोडा महाग, पण याला तीन खाचा. दोन सिम आणि वर कार्ड, सगळ्यांना आपापली जागा."

कागोयाचा हात काचेवर तसाच राहिला. चौकीतला आवाज तिला पुन्हा ऐकू आला. एक सिम, एक मेमरी कार्ड. लिही.

"न्याबो, बरं नाही का वाटत? पाणी देऊ?"

"या पहिल्या फोनमध्ये कार्ड असताना घरच्या नंबरवरून संदेश जाऊ शकेल?"

"सिमच आत नाही तर जाईल कुठून? हवेतून?"

कागोयानं तीन खाचांचा फोन घेतला. नांगोबीनं तिची दोन्ही सिमं त्यात बसवली. एकाला ‘काम’ नाव दिलं, दुसऱ्याला ‘घर’. घरच्या सिमवरची नावं पडद्यावर आली. मुलगी, नालोंगो, चर्चमधली एक बाई. नांगोबीनं काही विचारलं नाही. तिनं फोन पुसला आणि हळूच तिच्या हातात दिला.

बाहेर रस्त्यावर बोडाबोडाचे मोटारसायकलवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. कागोया दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. तो संदेश वाइस्वाच्या फोनवरून गेलाच नव्हता. कुणीतरी त्याचं घरचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं होतं. आणि ज्यानं ते केलं, त्याला वाइस्वा रविवारी जिवंत असल्याचं दाखवायचं होतं.

५

मुतेसी केशरचनेच्या दुकानात कामाला होती. वाइस्वा तिच्याशी लग्न करणार होता. गेल्या सुगीनंतर दोघांचं फाटलं. कागोयानं नालोंगोकडून मागून आणलेला फोन तिच्यासमोर धरला. मुतेसीनं हातातला कंगवा खाली ठेवला.

"मी होते तो घेताना," ती म्हणाली. "तीन दुकानं फिरवलं त्यानं मला. त्याला एकच गोष्ट हवी होती. शनिवारी संध्याकाळी कामाचा नंबर बंद करता यावा आणि आईचा चालू राहावा. आधी एकच नंबर होता ना. रविवारी आईशी बोलायला बसला की मध्येच कोंबड्या."

"तुमचं का बिनसलं?"

"त्या कोंबड्यांमुळेच, मावशी. तो बेटांवर, मी इथे. मला वाटलं माणूस असून नसल्यासारखा आहे, तर नसलेलाच बरा." ती फोनकडे बघत राहिली. "आता तसंच झालं."

"कुलूप उघडता येतं तुला?"

मुतेसीनं पडद्यावर बोट फिरवलं. एक आडवी रेघ, एक तिरकी. फोन उघडला. "बदललंच नाही त्यानं," ती इतकंच म्हणाली आणि मागे वळून नळाखाली हात धुऊ लागली.

कागोयानं चष्मा लावला. आईला गेलेला संदेश फोनमध्ये नव्हता; तो असणारही नव्हता. पण तिला दुसरंच काही दिसलं. कामाचा नंबर चालू होता. शनिवारी दुपारपासून त्यावर गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले होते, एकही उचललेला नव्हता. रविवारीही तसंच. शनिवारी संध्याकाळी जो माणूस न चुकता कामाचं सिम बंद करायचा, त्यानं या वेळी ते बंद केलं नव्हतं.

"मुतेसी," ती म्हणाली, "त्याची शनिवारची संध्याकाळ झालीच नाही."

राहिलं ते कार्ड. कागोयानं टाचणीनं ट्रे ओढला, नखाएवढं कार्ड काढून आपल्या नव्या फोनच्या तिसऱ्या खाचेत बसवलं. आत फोटो फारसे नव्हते. आवाज होते, बरेच. तिनं पहिलाच लावला.

एक बाई भजन म्हणत होती. आवाज थकलेला पण सुरात. मधे धाप लागत होती, तरी ती कडवं सोडत नव्हती. मागे भांड्यांचा आवाज.

"कोण ही?" मुतेसीनं विचारलं. "त्याची आई?"

"नालोंगोच्या गळ्यात सूर नाही."

भजन संपलं. बाई हसली, आणि अगदी जवळून, लाडानं म्हणाली, "पुरे की आता. किती भरून ठेवशील त्यात? एझ्रा, जेवण गार होतंय."

६

फौजदार यायला तयार नव्हता. कागोयानं त्याला फोनचा ट्रे उघडून दाखवला, दोनच खाचा दाखवल्या, आणि ताब्यात दिल्याच्या कागदावर त्यानंच काय लिहवून घेतलं होतं त्याची आठवण करून दिली. मग तो टोपी घालून मुकाट्यानं निघाला.

किरुंडा कार्यालयात एकटाच होता. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या. चहाला उठू लागला तेव्हा कागोया म्हणाली, "बसा, साहेब."

तो बसला.

"वाइस्वा शनिवारीच गेला," तिनं सुरुवात केली. "रविवारी पाणी निवांत होतं. निवांत पाण्यात होडी काठोकाठ भरत नाही. ती वाऱ्यात, लाटांनी भरते. त्यानं कामाचा नंबर बंद केला नव्हता, कारण शनिवारचं काम संपलंच नव्हतं. डबा बिअरचा नव्हता. लशींचाच होता."

किरुंडा शीतकपाटाकडे बघू लागला.

"रविवारचा संदेश त्याच्या फोनवरून गेला नाही. सिम दुसऱ्या फोनमध्ये हलवलं होतं. सिम हलवायला लागतं कुणाला? ज्याला फोनचं कुलूप उघडता येत नाही त्याला. मुतेसीला येतं, तिला हलवायची गरज नव्हती. बालिकोवाला येत नसेल, पण त्याच्या फोनला कार्डाची जागाच नाही, आणि सिम काढलेल्या जागी कुणाचं तरी कार्ड बसलं होतं. ते कुठून आलं? ज्याच्या फोनला याच्यासारख्याच दोन खाचा आहेत, त्याच्याकडून. त्याला वाइस्वाचं सिम आपल्या फोनमध्ये बसवायला आपलं कार्ड काढावं लागलं. नखाएवढी वस्तू, हरवली तर सापडायची नाही. ती त्यानं वाइस्वाच्या फोनच्या रिकाम्या खाचेत ठेवली. थोड्याच वेळासाठी."

"असे फोन धक्क्यावर किती तरी जणांकडे आहेत," फौजदार पुटपुटला.

"आहेत. पण चौकीत ट्रे उघडला तेव्हा आपण तिघं-चौघंच होतो. आत कार्ड आहे हे नालोंगोनं कुणाला सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. साहेबांनी मात्र माझ्याकडे कार्ड मागितलं. दोन नंबरांसाठी हाच फोन घ्या असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं; त्यात दोन नंबर असले की कार्ड मावत नाही हे त्यांना ठाऊक होतं."

किरुंडानं ओठांवरून जीभ फिरवली. "हे सगळे तुमचे अंदाज आहेत, बाई."

"कुठलं सिम कुठल्या फोनमध्ये होतं, ते फोनची कंपनी पोलिसांना सांगते. फौजदारसाहेब मागवतीलच. पण त्याआधी हे."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज सुरू केला. खोलीत शीतकपाटाची गुणगुण होती, तिच्यावर ते भजन चढलं. किरुंडानं पहिल्या ओळीलाच डोळे मिटले. जेवण गार होतंय असं एडिसा म्हणाली, तेव्हा त्यानं हात पुढे केला, फोनला लावला मात्र नाही.

"झिरा बेटावर कोंबड्या मरत होत्या," तो म्हणाला. "लस आली होती, इथली वीज गेलेली. सोमवारपर्यंत टिकली नसती. वरून सारखे विचारत होते. मोठ्या होड्या बंद. मी म्हटलं, छोटीनं जा, काठाकाठानं जा. तो नाही म्हणाला नाही. फोन भिजेल म्हणून माझ्याकडे ठेवला. म्हणाला, आईचा आला तर उचला, सांगा येतोय."

"मग?"

"संध्याकाळी बेटावर फोन केला. पोचलाच नव्हता. मी धक्क्यावर निघालो, कोळ्यांना सांगायला. अर्ध्या वाटेवरून परतलो. कुणी पाठवलं, असं पहिलं विचारलं असतं." त्यानं टेबलावरचा फोटो सरळ केला, तो सरळच होता. "एडिसा गेल्यापासून मला सकाळी उठून जायला एवढीच एक जागा आहे, बाई. ही खोली."

"आणि रविवारी?"

"रविवारी त्याच्या आईचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. मला ऐकवेना. तेव्हा सुचलं. रविवारी गेला असं झालं, तर तो कामावर असताना गेला नाही असं होतं. संदेश पाठवला आणि कोळी ओरडत आलेच. मग काहीच पुन्हा जागेवर ठेवता आलं नाही."

"त्याचं सिम?"

"पाण्यात टाकलं."

फौजदार उठला. किरुंडाही उठला, शीतकपाटाचं दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि कागोयाकडे वळला. "ते कार्ड मला परत मिळेल?"

"आता ते पुरावा आहे."

"हो," तो म्हणाला. "तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून विचारलं."

७

नालोंगो अंगणात चटईवर बसून शेंगदाणे निवडत होती. कागोयानं तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. बोलताना तिनं एकदाही पोलिसी भाषा वापरली नाही, तरी तिला स्वतःचा आवाज चौकीतल्यासारखाच वाटत राहिला.

नालोंगोचे हात चालूच होते. "म्हणजे तो प्यायला नव्हता."

"नव्हता. कामावर होता. प्रवचनवाल्याकडे मी स्वतः जाणार आहे. येत्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर तसं सांगायचंय."

"सांगेल?"

"सांगेल. मी समोर बसणार आहे."

नालोंगोनं मान हलवली. एक कुजका दाणा उचलून बाजूला टाकला. "मी केलेला फोन त्या माणसानं ऐकला."

"ऐकला."

"त्या वेळी मला वाटत होतं, वाइस्वा चर्चमध्ये असेल. मी रागावले होते त्याच्यावर, उचलत नाही म्हणून."

शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेली. मग नालोंगोनं सूप खाली ठेवलं.

"कागोया, तुला पोलिसांतलं कळतं. डबा तरंगतो ना?"

"तरंगतो."

"आणि त्यानं पट्टा हाताला बांधून घेतला होता."

"हो."

"वारा कधी पडला?"

कागोयाला ते ठाऊक होतं. बुलुंगेच्या कोळ्यांना तिनं विचारलं होतं. "अंधार पडायच्या सुमाराला."

"मग तो माणूस अर्ध्या वाटेवरून परतला, तेव्हा माझा मुलगा जिवंत होता का?"

नोकरीत अशा प्रश्नांना एक ठरलेलं उत्तर होतं. लगेच गेला, त्रास झाला नाही. कागोयानं ते कित्येक दारांत उभं राहून दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी दार तिच्या मागे बंद झालं होतं. आताही ते तिच्या ओठांपर्यंत आलं.

"मला माहीत नाही, नालोंगो," ती म्हणाली. "ते कुणालाच कळणार नाही."

नालोंगोनं तिच्याकडे पाहिलं. रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बरं केलंस, खोटं नाही बोललीस," ती म्हणाली. "सगळे मला समजावून जातात. समजावून झालं की उठतात."

कागोया उठली नाही. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. कुणाच्या तरी घरात कोळशाची शेगडी पेटली, धूर अंगणात उतरला. नालोंगोनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, अर्धे दाणे कागोयाच्या पुढ्यात ओतले, आणि दोघी निवडत बसल्या.

दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा नालोंगो म्हणाली, "उद्या ये."

"येईन."

"काम असेल तुला. वकिलाचं."

"असेल," कागोया म्हणाली. "ते आटोपून येईन."